शाकारणी, वेठ आणि उक्ते काम

वैशाख सरत आला की रत्नागिरीकडच्या घराघरांतून आंबा-फणसाच्या बोलण्याच्या जोडीने आणखी एक बोलणे सुरू होते. छपरावर कोण चढणार? गेल्या वर्षीचा माणूस फोन उचलत नाही, दुसऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून यजमान खुर्चीत बसतो, आणि तिसरा ‘बघून सांगतो’ म्हणून गेलेला परत येत नाही. मग ओटीवर बसलेले वडीलधारे हमखास एक वाक्य उच्चारतात: पूर्वी माणसे अशी नव्हती. पूर्वीचा गवंडी, पूर्वीचा सुतार शब्दाला जागणारा होता, पैसे वाजवी घेत होता, आणि आताचा ठेकेदार मात्र लुबाडतो, असा या वाक्याचा आशय. हे वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला भासत नाही. प्रस्तुत लेखात ती तपासणी करायची आहे. कारागिरावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न आपण माणसाच्या स्वभावाचा समजतो. इतिहास पाहिला तर तो बराचसा व्यवहाराच्या रचनेचा आहे असे दिसते.

प्रथम घराकडे पाहू. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले, ते त्याच्या गुणामुळे: खाणीतून काढताना तो हत्याराने कापता येतो आणि हवेवर राहिला की कठीण होतो. भिंत सहसा दगा देत नाही. दगा देते ते छप्पर. नळीची गावठी कौले वाऱ्याने सरकतात, वानरांच्या उड्यांनी फुटतात. एक कौल हलले की पाणी रिपेवर येते, रीप कुजली की वाशाला ओल लागते, आणि ओल्या वाशाला वाळवी शोधत येते. म्हणून दर वर्षी पावसाआधी सगळे छप्पर उतरवून, फुटके कौल बदलून, रीप-वासा पाहून ते पुन्हा घालायचे. हीच शाकारणी. कोकणातले घर एकदा बांधून संपत नाही. ते दर वर्षी थोडे थोडे पुन्हा बांधावे लागते. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने केली त्याने कोकणात ‘आणि शाकारून’ एवढे जोडायला हरकत नव्हती.

या वार्षिक आवर्तनातच जुन्या विश्वासाचे एक कारण दडलेले आहे. जो माणूस यंदा छपरावर चढला, तोच पुढच्या वर्षी चढणार होता. त्याने यंदा कुजका वासा झाकून ठेवला तर पुढच्या वैशाखात तो त्याच्याच हाती लागणार होता, आणि यजमान खाली अंगणात उभा असणार होता. यजमानाने यंदा मजुरी बुडवली तर पुढच्या वर्षी त्याचे छप्पर तसेच राहणार होते. दोघे एकाच गावात, एकमेकांची तीन पिढ्यांची माहिती असलेले. अशा व्यवहारात प्रामाणिक राहणे दोघांच्याही सोयीचे होते. त्यासाठी कुणी संत असण्याची आवश्यकता नव्हती. मोबदला पुष्कळदा भात, नारळ, दुपारचे जेवण आणि थोडी रोकड असा मिश्र असे. त्यामुळे ‘दर किती’ हा प्रश्न आजच्यासारखा उघडा पडत नसे.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपण वडीलधाऱ्यांच्या वाक्याला अर्धाच न्याय देऊ. ‘पूर्वी काम स्वस्तात होई’ याचे दुसरे कारण फारसे सांगितले जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. खोत सरकारचा सारा गोळा करी, आणि त्याच्या जमिनी कसणाऱ्या कुळांवर त्याचा जो अधिकार चाले त्यात वेठीचा समावेश होता. खोताच्या घरचे, शेतावरचे, पालखी वाहण्याचे काम कुळाने ठरावीक दिवस विनामोबदला करायचे. ज्या मोठ्या घरांच्या प्रशस्त पडव्या आणि उंच जोती आज छायाचित्रांतून कौतुकाने दाखविली जातात, त्यांतल्या कित्येकांच्या डागडुजीला दरच नव्हता. कारण काम करणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. म्हणजे जुन्या वाजवी दराच्या आठवणींत, कित्येक घरांपुरता, न दिलेल्या मजुरीचा हिस्सा मिसळलेला आहे. आजचा आकडा त्या आठवणीशी ताडून पाहणे न्यायाचे नाही. वेठीच्या जागी मजुरी आली की काम महाग होणारच, आणि ते व्हायलाच हवे होते.

घाटावरची बलुतेदारी याहून वेगळी होती, पण तिच्याविषयीचे चित्रही आपण गुळगुळीत करून घेतले आहे. सुतार-लोहारांना पिकातला वाटा मिळे तो मुख्यतः शेतीच्या अवजारांसाठी. घरबांधणीचे काम वेगळ्या मोबदल्याचे असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. ग्रामव्यवस्थेविषयी भाबडेपणाने बोलणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे. बलुतेदार कुणब्याला कसे ताटकळत ठेवतात, कामात कशी टाळाटाळ करतात आणि हक्क मात्र कसा पुरेपूर वसूल करतात, याविषयी आत्र्यांची तक्रार चांगलीच तिखट आहे. तिच्या स्वरात एका सरकारी अधिकाऱ्याचा आणि त्या काळच्या उच्चवर्णीयाचा कल आहे हे धरूनही एक गोष्ट उरते: कारागिराविषयीची तक्रार ठेकेदाराहून जुनी आहे.

तिचे वय काढायचे तर फार मागे जावे लागेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले चौथे अधिकरण ‘कंटकशोधन’ या नावाचे, म्हणजे समाजातले काटे काढण्याचे. त्याचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे येथून होतो. ठरलेल्या वेळी काम न दिल्यास वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा, असा तेथे नियम आहे. बाबिलोनच्या हम्मुराबीने त्याच्याही कित्येक शतके आधी घर बांधण्याचा दर क्षेत्रफळावर ठरवून दिला होता, आणि घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहान्त शिक्षा सांगितली होती. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस एफेसस नगराचा एक जुना कायदा सांगतो, तो अधिक शहाणपणाचा वाटतो. वास्तुकाराने आधी अंदाजपत्रक द्यायचे. खर्च त्यावर चौथ्या हिश्श्यापर्यंत वाढला तर तो सरकारने सोसायचा. त्याहून वाढला तर वास्तुकाराच्या मालमत्तेतून घ्यायचा. या कायद्याने एक गोष्ट मान्य केली आहे, जी आपण मान्य करीत नाही: अंदाज थोडा चुकणारच, आणि त्या थोड्याची किंमत काम सांगणाऱ्याने द्यायची.

रत्नागिरीतला जुना व्यवहार मोडला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबईत गिरण्या निघाल्या, गोदी वाढली, आणि त्यांच्या मजुरांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि जिल्ह्याचा संसार तिच्यावर चालू लागला. घरधनी मुंबईच्या चाळीत आणि घर गावी, अशी स्थिती झाली. शाकारणीचे पैसे वरून येत, काम खाली होई, आणि पाहणारे डोळे बहुधा वृद्ध आईचे किंवा चुलत्याचे असत. याच सुमारास कौलही बदलले. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला यंत्राच्या कौलांचा कारखाना काढला, आणि एकात एक अडकणारी ती मंगलोरी कौले गलबतांतून कोकणाच्या बंदरांवर उतरू लागली. या कौलांचा भाव हजारी ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला. सामानाचा भाव असा उघडा झाला आणि मजुरीचा भाव तेवढा गुलदस्तात राहिला. आजही भांडण होते ते बहुधा या दुसऱ्या भागावरून.

मजुरी ठरविण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक रोजावर, दुसरी उक्ती. रोजावर काम दिले तर दिवसांचा धोका मालकाचा. काम लांबले की पैसे वाढतात, म्हणून मालकाने समोर उभे राहावे लागते. उक्ते दिले तर धोका ठेकेदाराचा. काम लांबले की त्याचा नफा घटतो, म्हणून तो घाई करतो, आणि जे डोळ्याला दिसत नाही तेथे काटकसर करतो. चाकरमान्याला समोर उभे राहणे शक्य नव्हते. त्यामुळे उक्ते काम वाढले, आणि त्याबरोबर ‘ठेकेदार’ या शब्दाला आजचा वास लागला.

त्यातही नवे घर आणि डागडुजी यांत फरक आहे. नव्या घराचे जोते, भिंत, दारे-खिडक्या मोजता येतात. जुन्या छपरात किती वासे कुजले आहेत हे कौले उतरवल्याखेरीज कुणालाच कळत नाही, ठेकेदारालाही नाही. मग कौले उतरवण्याआधी त्याने एकच आकडा सांगावा असा आग्रह धरला तर काय होते? सावध माणूस सर्वांत वाईट स्थिती धरून मोठा आकडा सांगतो आणि आपल्याला तो लुटारू वाटतो. गरजू किंवा चलाख माणूस लहान आकडा सांगतो, काम मिळवतो, आणि छप्पर उघडे पडल्यावर वाढीव पैसे मागतो. त्या वेळी आभाळ भरून आलेले असते. आपण ज्याला फसवणूक म्हणतो त्यातली काही खरोखर फसवणूक असते, आणि काही अशा रीतीने आपणच मागून घेतलेली असते.

हा तिढा ब्रिटिश सरकारने कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. १८५९ साली १३ क्रमांकाचा कायदा झाला. उचल घेऊन काम न करणारा कारागीर किंवा मजूर याच्याविरुद्ध मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मॅजिस्ट्रेटने त्याला पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यायचा. आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कायदा प्रथम कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा-शहरांसाठी होता आणि पुढे इतरत्रही लागू करता येई. म्हणजे रत्नागिरीहून मुंबईस गेलेला गवंडी वा सुतार विसार घेऊन कामावर न आल्यास त्याचा दिवाणी करारभंग फौजदारी गुन्हा होत असे. उलट बाजूने, काम करून घेऊन मजुरी बुडवणाऱ्या मालकाला तुरुंगाची अशी भीती नव्हती. विश्वासभंग दोन्हीकडून होतो, पण शिक्षा एकालाच. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल यावे लागले.

दुसऱ्या बाजूची हकीकत त्याच वर्षी बोरघाटात घडत होती. मुंबई-पुणे लोहमार्गावरच्या या घाटाचे कंत्राट विल्यम फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदाराकडे होते. काम पोटठेकेदार आणि मुकादम यांच्या साखळीतून चाले, आणि मजुरी त्या साखळीतून झिरपत खाली येई. पुष्कळदा येतच नसे. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला, युरोपीय नोकरांवर हल्ले झाले, चौकशी झाली, आणि फॅव्हिएलने त्याच वर्षी काम सोडले. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईस उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेऊन अनुभवी अभियंत्यांच्या साह्याने ते तडीस नेले, आणि १८६३ साली घाट खुला झाला. १८६० साली सरकारला रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने सोडवावेत असा कायदा करावा लागला. बोरघाटातला मजूर आणि आज ठेकेदाराला ‘शेवटचा हप्ता नंतर बघू’ म्हणणाऱ्या घरमालकाकडचा मजूर यांच्यात फार अंतर नाही. शेवटचा हप्ता अडला की तो ठेकेदाराच्या खिशातून क्वचितच जातो. छपरावर चढलेल्या माणसाच्या रोजातून जातो.

ठेकेदार म्हणजे लबाड असे मानणाऱ्यांनी आणखी दोन नावे ध्यानात ठेवावीत. जोतीराव फुले यांची उपजीविका बऱ्याच अंशी बांधकामाच्या कंत्राटांवर चाले. खडकवासल्याच्या धरणाला साहित्य पुरविण्याचे काम त्यांनी केले होते. सार्वजनिक बांधकामातल्या लबाड्यांवर त्यांनी जो कोरडा ओढला, त्यामागे त्या धंद्याची आतून असलेली माहिती होती. दुसरे नाव रत्नागिरीचेच. भागोजी बाळोजी कीर गरीब भंडारी कुटुंबात जन्मले, मुंबईस जाऊन हाताने काम करीत करीत मोठे कंत्राटदार झाले. रत्नागिरीत १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झालेले पतितपावन मंदिर सावरकरांच्या चळवळीतून उभे राहिले, पण त्यासाठीचा पैसा कीरशेठांचा. शिवाजी पार्कची स्मशानभूमी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. सर्वच ठेकेदार कीर नसतात हे उघड आहे. पण एका धंद्याचे नाव शिवीसारखे वापरताना आपण ज्या देवळात जातो ते कुणाच्या पैशाने बांधले एवढे आठवायला हरकत नाही.

सरकारने स्वतःपुरता मात्र हा प्रश्न पुष्कळ सोडवला. १८५४ नंतर उभ्या राहिलेल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने हळूहळू आपली हत्यारे घडविली: अंदाजपत्रक, निविदा, दरसूची, मोजमाप वही, अनामत रक्कम, आणि काम झाल्यावर ठरावीक मुदतीत दोष निघाल्यास ते विनामूल्य दुरुस्त करण्याची अट. दरसूचीत प्रत्येक कामाचे सामान, मजुरी, वाहतूक यांची फोड असते आणि ठेकेदाराचा नफाही त्यात उघडपणे धरलेला असतो. या साऱ्या बंदोबस्तातूनही रस्ते कसे होतात ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. तेव्हा कागद म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. पण मोजमापाची एक सामायिक भाषा त्यातून तयार झाली हे खरे. घरमालकाच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम झाला तो १९८६ साली. घरबांधणीचा समावेश ‘सेवे’त स्पष्टपणे झाला तो १९९३ साली. स्थावर संपदा कायदा २०१६ साली आला, पण विक्रीशी संबंध नसलेले नूतनीकरण आणि दुरुस्ती यांना त्याने नोंदणीच्या कक्षेबाहेर ठेवले. नवी सदनिका घेणाऱ्याला एक प्राधिकरण आहे. जुन्या घराचे छप्पर शाकारणाऱ्याला शेजाऱ्याची शिफारस आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मंडणगड, दापोलीची छपरे उडाली. पाऊस दारात आला होता. टाळेबंदीमुळे परप्रांतीय कारागीर आपापल्या गावी गेलेले, वाहतूक अडखळलेली. कौले, पत्रे आणि माणसे यांची एकाच वेळी टंचाई. अशा वेळी चढे भाव मागितल्याच्या तक्रारी झाल्या, तशाच रात्रंदिवस राबून ओळखीच्या घरांवर पत्रे घालून देणारे, पैशाचे नंतर पाहू म्हणणारे गवंडीही भेटले. टंचाईतल्या दोन दरांमधला हा फरक स्वभावाचा होता काय? काही अंशी होता. पण ज्याला पुढच्या वर्षी त्याच वाडीत काम करायचे आहे आणि ज्याला करायचे नाही, त्यांच्या हिशेबात मुळातच फरक असतो. शाकारणीचे जुने सूत्र वादळातही लागू पडले.

मग विश्वास ठेवावा की नाही? इतिहासातून एवढे निघते की हा प्रश्न कामाच्या आरंभी सोडवता येत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. सामान आणि मजुरी वेगळी ठेवावी, म्हणजे उघडा भाव आणि झाकलेला भाव एकमेकांत मिसळत नाहीत. कौले उतरवण्याचे काम रोजावर द्यावे, आणि वासे दोघांनी पाहिल्यावर उरलेले उक्ते ठरवावे. वाढीव खर्चाची मर्यादा एफेससकरांप्रमाणे आधीच बोलावी, आणि त्या मर्यादेच्या आतले पैसे कुरकुर न करता द्यावेत. थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवावी, पण मजुरांचा रोज त्यातून कधीही अडवू नये. आणि माणूस चांगला मिळाला तर पुढच्या वर्षीही त्यालाच बोलवावे, शेजारी थोडा स्वस्त मिळत असला तरी. कारण वाजवी दराचा जुना पाया हाच होता, आणि वेठीचा डाग नसलेला जुन्या व्यवहाराचा भागही एवढाच आहे.

चाकरमान्याला हे सगळे मुंबईत बसून जमणार नाही, ही अडचण खरी आहे. पण मे महिन्यात आंब्यासाठी आपण गावी जातोच. त्यातला एक दिवस शिडी लावून गवंड्याबरोबर वर चढावे आणि कुजक्या वाशावर त्याच्या बोटाशेजारी आपलेही बोट ठेवून पाहावे. दराची बोलणी त्यानंतर करावीत.